आधी तुम्ही, टेंबे

एखाद्या समाजाची संस्कृती किती खोल आहे हे त्याच्या ग्रंथालयांवरून, स्मारकांवरून किंवा पुढाऱ्यांच्या भाषणांवरून कळत नाही. ते कळतं त्याच्या चौकावरून. दोन अनोळखी माणसं एकाच वेळी एकाच जागी पोचली की पुढे कोण जातं, यात सगळा मानवी इतिहास सामावलेला आहे. हे विचार मला सुचले तेव्हा मी पोर्ट मॉर्वेनच्या चौकात ब्रेकवर पाय ठेवून बसलो होतो, आणि शेजारच्या सीटवरच्या सरकारी बाई माझ्या नावापुढे फुली मारत होत्या.

नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या या गावाला चौक एकच आहे. एका कोपऱ्यावर चर्च, दुसऱ्यावर किराणा, तिसऱ्यावर माजी सैनिकांचा हॉल आणि चौथ्यावर अंत्यविधीची सोय. माणसाला जन्मभर लागेल ते सगळं तिथे मिळतं, फक्त सिग्नल मिळत नाही. चारही बाजूंना थांबायला सांगणाऱ्या लाल पाट्या आहेत. कायदा असा की जो आधी येऊन थांबला तो आधी जाणार, आणि दोघं बरोबर आले तर उजवीकडचा आधी. कायदा सोपा आहे. पण कायद्यानं मिळालेला हक्क सरळ वापरणं हे पोर्ट मॉर्वेनमध्ये जेवणाच्या पंगतीत स्वतःच्या हातानं वाढून घेण्यासारखं समजतात. त्यामुळे आधी आलेला माणूस काचेतून हात करतो, 'तुम्ही जा.' नंतर आलेला हात करतो, 'छे, तुम्ही.' असं थोडा वेळ चालतं. मग ज्याचं दूध गाडीत तापत असेल तो शरमून पुढे जातो.

हातांचेही प्रकार आहेत. स्टिअरिंगवरचा हात न काढता दोन बोटं उचलली की नुसता नमस्कार. पंजा उघडून पुढे सरकवला की 'तुम्ही जा'. पंजा उघडून तसाच धरला की 'तुमच्या भावाचं कळलं, वाईट वाटलं'. मी अकरा वर्षं शेजारच्या सीटवर बसून हे सगळं शिकलो होतो. गाडी आमची मुलगी गौतमी चालवायची आणि मी सूचना करायचो, त्यामुळे मला इकडच्या रस्त्यांचा अनुभव नव्हता असं कुणी म्हणू नये.

पण गौतमीची बदली कॅल्गरीला झाली, आणि तिथे पोचल्यावर तिनं फोनवरून आमच्यापुढे अट ठेवली.

"बाबा, बर्फ पडायच्या आत लायसन्स काढा. नाहीतर दोघं माझ्याकडे या. डॉक्टर पुढच्या गावात, इथे बस नाही, हिवाळ्यात तुम्ही करणार काय? मी तिकडे तुमच्यासाठी खाली छान सोय केलीय."

"खाली म्हणजे तळघरात?" आमच्या हिनं विचारलं.

"तळघर नाही गं आई. स्वतंत्र जागा आहे. स्वयंपाकघर आहे, बाथरूम आहे."

"खिडकी आहे का?"

"आहे ना. वर आहे."

"वर म्हणजे कुठे?"

"छताच्या जवळ."

"म्हणजे दिवसभर लोकांचे पाय बघायचे," असं म्हणून कुमुदनं फोन माझ्याकडे दिला आणि कणीक भिजवायला घेतली. ती कणीक त्या दिवशी फार घट्ट झाली होती.

इथे सांगायला हवं की या गावात माझ्यापेक्षा कुमुद जास्त राहते. मी राहतो म्हणजे खिडकीपाशी वाचत बसतो. तिचं मात्र चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी गोधडी मंडळ असतं. तिथल्या बायका पूर्वी कापडाचे त्रिकोण मोजून मापून जोडायच्या. हिनं त्यांना जुन्या साड्या एकावर एक ठेवून सरळ धावदोरा घालायला शिकवलं, आणि आता सबंध किनाऱ्यावर त्या गोधड्यांना मागणी आहे. मंडळात तिचा शब्द शेवटचा असतो. घरातही असतो, पण तिथे ऐकणारा एकच. असं भरलेलं राज्य सोडून लोकांचे पाय बघायला जायची तिची अजिबात तयारी नव्हती. म्हणजे तिचं राज्य माझ्या उजव्या पायावर अवलंबून होतं.

"तुम्ही आयुष्यात कधी कुठल्या परीक्षेत नापास झालात का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग आता सुरू करू नका."

शिकवायला शेजारच्या डोरीन मॅकअ‍ॅस्किल तयार झाल्या. डोरीनबाईंनी जन्मभर शाळेची बस चालवली. निवृत्त होऊन बराच काळ झाला तरी बस त्यांच्यातून उतरलेली नाही. मी गाडीत बसलो की त्या "पट्टा?" असं विचारत आणि मी लावला म्हटलं तरी ओढून बघत. अधूनमधून मान न वळवता "मागे शांत बसा" म्हणत. मागच्या सीटवर कुणीही नसे.

डोरीनबाई 'हो' म्हणताना श्वास बाहेर सोडत नाहीत, आत घेतात. या किनाऱ्यावरची ती जुनी रीत आहे. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा त्यांनी माझ्याशी बोलताना असं 'हो' म्हटलं आणि मी दम्याचा झटका समजून धावत पाणी आणलं. त्या पाणी प्यायल्या, आणि बरं वाटलं का या प्रश्नाला त्यांनी पुन्हा तसंच 'हो' म्हटलं, म्हणून मी दुसरा ग्लास आणला. गरीब बिचाऱ्यांनी तोही संपवला. दिलेलं नाकारायचं नाही ही शिस्त त्यांच्यात किती खोल आहे हे मला तेव्हाच ओळखता यायला हवं होतं.

गाडी उजव्या बाजूनं चालवायची वगैरे गोष्टींचा लोक उगाच बाऊ करतात. ती सवय लागते. अवघड आहे ते माणसांना सांभाळणं. पहिल्याच दिवशी आम्ही घरापासून निघालो तर डोरीनबाईंचे यजमान मर्डॉक रस्त्याच्या कडेला उभे. मर्डॉक म्हणजे झिंगे पकडण्यात उभी हयात घालवलेला, कमी बोलणारा, सहा फुटी माणूस. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला कुणी नुसतं उभं राहिलं तरी गाड्या थांबतात. मी थांबलो. मर्डॉकनी माझ्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, आणि टोपीला हात लावून पलीकडे गेले. आम्ही पुढच्या वळणावरून परत आलो तर ते आता पलीकडच्या कडेला. मी पुन्हा थांबलो. ते पुन्हा टोपीला हात लावून अलीकडे आले. गाडी मागे घेण्याचा सराव चालू होता, त्यामुळे आम्ही त्या रस्त्यावरून बराच वेळ ये-जा करत राहिलो, आणि मर्डॉकही.

रात्रीच्या जेवणाच्या सुमारास डोरीनबाई कुंपणापाशी आल्या. "टेंबे, मर्डॉकचा गुडघा दुखतोय."

"अरे, पण ते सारखे कुठे जात होते?"

"कुठे नाही. टपालाच्या पेटीपाशी ऊन खात उभे होते. पण तुम्ही एवढी गाडी थांबवलीत, मग न जाणं बरं दिसत नाही."

पहिल्या परीक्षेला मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. परीक्षा घ्यायला जिल्ह्याच्या गावाहून इव्हेट कॉर्मिए नावाच्या बाई येतात. बारीक चणीच्या, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही, आणि हातात कागद लावलेली पाटी. मला त्या पाहताक्षणी आवडल्या. अशी न हसणारी सरकारी माणसं मी अकरा वर्षांत पाहिली नव्हती. अगदी माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

गाडी मागे घेणं झालं, चढावर थांबवणं झालं, दोन गाड्यांच्या मधे लावणं तर असं झालं की मी स्वतःच मान डोलावली. मग चौक आला. समोरून वेन बूटिलिए आपला तेलाचा ट्रक घेऊन आधीच येऊन थांबला होता. घरोघरी घर तापवायच्या भट्टीचं तेल पोचवणारा हा वेन म्हणजे गावातला सर्वांत भला माणूस, आणि गावात स्पर्धा मोठी आहे. त्यानं मला पाहिलं, तोंडभर हसला आणि पंजा पुढे सरकवला. मी हात केला आणि गेलो.

"पाळी कुणाची होती?" कॉर्मिएबाईंनी विचारलं.

"त्याची. पण त्यानं मला दिली."

"पाळी ही देण्याघेण्याची वस्तू नाही, मिस्टर टेंबे. त्याच्या हाताच्या भरवशावर तुम्ही चौकात शिरलात. हात हा सिग्नल नाही."

अशा रीतीनं मी आयुष्यात प्रथम नापास झालो, आणि तेही दुसऱ्याच्या चांगुलपणामुळे.

ही बातमी मी घरी पोचायच्या आत घरी पोचली होती. गावात सल्ला देणं हे गावात पाय (म्हणजे सफरचंदाचा, ज्यावर मलई घालतात तो) देण्यासारखंच आहे; रिकाम्या हातानं कुणी येत नाही. किराणा दुकानदारानं सांगितलं, डोळ्यांत बघायचं नाही, बघितलं की माणूस हात करतोच. चर्चच्या पाद्रीबाबांनी सांगितलं, मनात शांतता ठेवा. अंत्यविधीवाल्यांनी सांगितलं, घाई कशाला. वेन स्वतः आला तो भोपळा घेऊन. "टेंबे, माझ्यामुळे झालं. मला माफ करा. पुढच्या वेळी मी असेन तर तुम्ही माझ्याकडे बघूच नका, मी नाहीच असं समजा."

मी तसंच समजलो. दुसऱ्या परीक्षेला समोर वेनचा ट्रक नव्हता, डावीकडे मर्डॉकची जुनी हिरवी पिकअप होती. मर्डॉक आधी आले होते. त्यांनी पंजा पुढे सरकवला. मी समोर, क्षितिजावर, नजर लावून बसलो. त्यांना वाटलं मला दिसलं नाही, म्हणून त्यांनी पंजा हलवला. मी क्षितिजच बघत राहिलो. मग ते खिडकी खाली करून "टेंबे" म्हणाले. आता हाक मारल्यावर ओ न देणं माझ्या संस्कारात बसत नाही. मी त्यांना हात केला, तुम्ही जा. त्यांनी मला केला. मी त्यांना केला. मग दोघांनाही एकाच वेळी दुसऱ्याच्या सौजन्यापुढे हार मानावीशी वाटली आणि दोघंही निघालो. दोघांनीही ब्रेक दाबले. चौकाच्या मधोमध आम्ही एकमेकांची काचेतून माफी मागितली.

कॉर्मिएबाईंनी पाटीवर बरंच काही लिहिलं. "मागच्या वेळी तुम्ही लवकर गेलात," त्या म्हणाल्या, "या वेळी उशिरा, आणि तरीही लवकर."

त्या गुरुवारी कुमुद गोधडी मंडळातून परतली ती पिशवी टेबलावर आपटूनच.

"तुम्ही मर्डॉककडे बघितलं नाहीत म्हणे."

"परीक्षा होती ती."

"डोरीन काही बोलली नाही. पण तिनं मला दोनदा चहा विचारला. एरवी न विचारता देते." कुमुदनं पिशवीतले दोऱ्याचे गुंडे काढून रांगेत ठेवले. "त्या बायका विचारत होत्या, तुम्ही कॅल्गरीला जायचं ठरवलंच आहे का, म्हणून ओळख तोडताय. मी काय सांगायचं?"

मी तेव्हा वृत्तपत्राआड गेलो, पण वृत्तपत्रात हवामानाचा रकाना होता आणि त्यात पहिल्या बर्फाचा अंदाज होता.

शेवटी मी लायसन्सच्या कचेरीत जाऊन विनंती केली की माझी परीक्षा चौक सोडून दुसऱ्या रस्त्यानं घेता येईल का. कचेरी चौकाला लागूनच आहे हे मला माहीत होतं. पण मागच्या गल्लीतून, कोळशाच्या जुन्या वखारीवरून वळसा घालता आला असता. काउंटरवरच्या बाई खूप प्रेमळ होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या शर्टाचं कौतुक केलं, आणि म्हणाल्या, "हं. तसं झालं तर काय छान होईल." मी त्यांचे आभार मानून आनंदानं घरी आलो आणि कुमुदला शिरा करायला सांगितला.

"त्यांनी 'नाही' सांगितलं," डोरीनबाई शिरा खाता खाता म्हणाल्या.

"त्यात 'नाही' कुठे होतं?"

"सगळंच 'नाही' होतं, टेंबे. 'हो' असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बघते हं, पण काही सांगता येत नाही."

आता एकच संधी उरली होती. पुढची तारीख मिळाली ती अंदाजातल्या बर्फाच्या अलीकडची शेवटची होती. त्यानंतर कॉर्मिएबाई आमच्या गावाला थेट वसंतातच येणार होत्या. गौतमीनं फोनवर फार मायेनं सांगितलं की खाली नवीन गालिचा घातला आहे. तिची माया ऐकून कुमुदच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

हे पाणी डोरीनबाईंनी पाहिलं. जन्मभर बस चालवलेल्या बाईनं एकदा ठरवलं की मुलं शाळेत पोचतातच. त्यांनी गावाला फर्मान काढलं: गुरुवारी सकाळी टेंब्यांच्या तपकिरी गाडीला कुणीही हात करायचा नाही. पंजा नाही, बोटं नाहीत, मान नाही. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी त्याची घोषणाही केली. चहाला गेलेल्या कुमुदनं घरी येऊन मला सगळं सांगितलं.

"प्रार्थनेत नाव घेतलं तुमचं."

"माझं?"

"आधी हॅलिफॅक्सच्या इस्पितळात असलेल्यांसाठी, मग समुद्रावर गेलेल्यांसाठी, मग मिसेस मॅकफींच्या गुडघ्यासाठी. गुडघ्यानंतर तुम्ही."

मी हिंदू आहे, निवृत्त आहे, आणि टेलिफोन खात्यात माझ्या सहीशिवाय एक खांब हलत नसे. त्या माणसाची जागा आता मिसेस मॅकफींच्या गुडघ्याखाली होती. पण तळघराच्या तुलनेत तीही वरचीच होती.

गुरुवारी सकाळी चौकाकडे वळलो तेव्हा पोर्ट मॉर्वेनच्या रस्त्यावर मी कधी पाहिली नव्हती एवढी वाहतूक होती. मला कुणी चुकून हात करत नाही ना, हे बघायला ज्यांना काही काम नव्हतं तेही गाड्या काढून आले होते. चर्चच्या पायऱ्यांवर गोधडी मंडळ अर्धी शिवलेली गोधडी मांडीवर घेऊन ओळीनं बसलं होतं, आणि मधोमध कुमुद. डोरीनबाई सर्वांत वरच्या पायरीवर उभ्या होत्या.

चौकात डावीकडून मर्डॉकची पिकअप आली होती. मग समोरून वेनचा ट्रक. मग उजवीकडून पाद्रीबाबांची छोटी निळी गाडी. शेवटी मी. क्रम अगदी लख्ख होता. शाळेतल्या पोरानं सांगितला असता. मर्डॉकनी जायचं, मग वेननी, मग पाद्रीबाबांनी, मग मी.

मर्डॉक गेले नाहीत.

मर्डॉकनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. हात करायचा नाही हे त्यांना मान्य होतं. पण दुसऱ्याला 'आधी तुम्ही' न म्हणता आपण निघून जायचं, तेही पाद्रीबाबांच्या समोर, हे त्यांना जन्मात जमणार नव्हतं. ते तसेच बसले. मर्डॉक जात नाहीत तर वेन कसा जाईल. वेन जात नाही तर पाद्रीबाबांनी पुढे घुसायचं म्हणजे पदाला शोभलं नसतं. चौघंही सरळ समोर बघत होतो, कुणाकडेच नाही, जशी माणसं मयताला बसतात. चार इंजिनं शांतपणे गुरगुरत होती. मागे गाड्यांच्या रांगा लागल्या आणि त्यांतलेही सगळे हात मांडीवर ठेवून बसले.

"इथे काय चाललंय?" कॉर्मिएबाईंनी विचारलं.

"ते जायची वाट बघतायत."

"कोण जायची?"

"सगळेच सगळ्यांची."

"पण पाळी त्या हिरव्या पिकअपची आहे."

"त्यांना माहीत आहे."

"मग ते हात का करत नाहीत? या गावात सगळे करतात."

"त्यांना बंदी केलीय."

"कुणी?"

"शाळेच्या बसनं," मी म्हणालो. मला त्या क्षणी यापेक्षा नीट सांगता आलं नाही.

कॉर्मिएबाईंनी पेनाचं टोपण काढलं. गाडीच्या काचेवर काहीतरी पांढरं, हलकं येऊन टेकलं आणि विरघळलं. मग दुसरं. मी पायऱ्यांकडे बघितलं. कुमुदनं धावदोरा घालायचं थांबवलं होतं आणि सुई हवेत धरली होती. मला तो नवीन गालिचा दिसला, ती छताजवळची खिडकी दिसली, आणि खिडकीतून जाणारे अनोळखी बूट दिसले.

पुढे जे झालं ते मी केलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. सांगलीला स्कूटर चालवताना जो अंगठा तीस वर्षं आपणहून काम करत होता, तो आपणहून उठला, स्टिअरिंगच्या मधोमध गेला आणि त्यानं दाबलं. एकदाच, छोटंसं. सांगलीत एवढा हॉर्न कुणी वाजवला असता तर लोकांना वाटलं असतं माणूस घसा साफ करतोय.

अंत्यविधीवाल्यांच्या छपरावरचे सगळे सीगल एकदम उडाले. किराणा दुकानदार बाहेर आला. हॉलमधले दोन माजी सैनिक बाहेर आले. मर्डॉकचा पाय ब्रेकवरून सुटला आणि पिकअप चौक ओलांडून गेली. मर्डॉकच्या चेहऱ्यावरून ते तिच्याबरोबर गेले असावेत असं वाटत नव्हतं. मागोमाग वेन गेला, ओठांनी 'माफ करा' म्हणत. मग पाद्रीबाबा गेले, तेही काहीतरी म्हणाले, पण ते बहुधा माझ्यासाठी वरती म्हणत होते. मग मी गेलो. क्रम अगदी कायद्याप्रमाणे लागला. पोर्ट मॉर्वेनच्या चौकात तो प्रथमच लागत असावा.

कचेरीपाशी गाडी थांबवल्यावर कॉर्मिएबाई बराच वेळ पाटीवर वरखाली काहीतरी शोधत होत्या.

"हॉर्नचा उचित वापर," त्या म्हणाल्या, "असा एक रकाना आहे यात. मी इतक्या वर्षांत कधी भरला नव्हता. कुठे आहे ते शोधावं लागलं." त्यांनी बरोबरची खूण केली आणि कागद माझ्या हातात दिला. "पास. आणि मिस्टर टेंबे, आभारी आहे. मला दुपारी दुसऱ्या गावाला पोचायचं होतं."

मी घरी आलो तो लायसन्स हातात धरून. गौतमीला फोन झाला. तिनं आनंदानं सांगितलं की ती खालची जागा भाड्यानं देऊन टाकेल. मला वाटलं होतं कुमुद निदान साखर तरी हातावर ठेवेल. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, अंगात कोट तसाच.

"राहायचं ठरलं," मी म्हणालो.

"ठरलं. आता तोंड कसं दाखवायचं ते ठरवा."

"अगं, पास झालो."

"तुम्ही हॉर्न वाजवलात." तिनं आवाज खाली आणला होता, जसा आपण घरातल्या व्यसनाबद्दल बोलताना आणतो. "पाद्रीबाबांवर वाजवलात. मर्डॉकवर वाजवलात. ज्या माणसानं आपल्या दारातला बर्फ अकरा वर्षं न सांगता उपसला त्याच्यावर. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, कुणा परगावच्या माणसाची गाडी असेल. तर डोरीन म्हणाली, हो का. श्वास बाहेर सोडून म्हणाली."

एवढं झाल्यावर मला परिस्थितीचं गांभीर्य कळलं.

दुपारभर कुणी आलं नाही. आमच्याकडे गावात कुणाचं काही झालं, चांगलं किंवा वाईट, की तासाभरात झाकलेली ताटं यायला लागतात. पास झाल्याचं ताट नाही, हॉर्न वाजवल्याचंही नाही. म्हणजे हे चांगलं की वाईट हे गावालाच ठरवता येत नव्हतं. मी खिडकीपाशी बसलो. वेनचा ट्रक घरावरून गेला आणि त्याची दोन बोटं उठलेली मला दिसली नाहीत. बर्फ पडत होता, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही. मी मनाशी माफीचं भाषण तयार केलं. त्यात सांगलीच्या रहदारीचा थोडा इतिहास होता, अंगठ्याचं स्वभाववर्णन होतं, आणि शेवटी माणुसकीवर एक परिच्छेद होता. कुमुदला वाचून दाखवलं. ती म्हणाली, इतिहास काढा.

दिवेलागणीला पुढच्या दाराची घंटा वाजली.

पुढच्या दाराची. आमच्या किनाऱ्यावर शेजारी मागच्या दारानं, न ठोठावता, थेट स्वयंपाकघरात येतात. पुढच्या दारानं येतात ते फक्त पोलीस, नाहीतर वाईट बातमी घेऊन पाद्री. आमचं पुढचं दार उघडायला जोर लावावा लागला. बाहेर मर्डॉक उभे होते. चर्चचा कोट, हातात टोपी, केसांवर बर्फ.

"आत येऊ का?"

कुमुदनं मला कोपरानं ढोसलं. मर्डॉक येऊन खुर्चीच्या कडेवर बसले. मी भाषण सुरू केलं.

"मर्डॉक, सकाळी जे झालं त्याबद्दल मी आपली..."

त्यांनी टोपी वर केली, मी थांबलो. "मी आधी आलो होतो," ते म्हणाले. "मी जायला हवं होतं. चूक माझी."

"नाही नाही, माझी."

"माझी."

कुमुद चहा घेऊन आली, तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. त्यांना अजून काहीतरी म्हणायचं होतं आणि ते अवघड होतं, हे त्यांच्या कानांवरून दिसत होतं. कान लाल झाले होते. मला वाटलं, आता येतंय. आता ते सांगतील की शेजारधर्म वगैरे आपल्यात होता, तो होता. कुमुदनं माझ्या खुर्चीची पाठ धरून ठेवली होती.

"उद्या माझ्या पिकअपची तपासणी आहे," मर्डॉक म्हणाले. "सरकारी. दिवे बघितले. ब्रेक बघितले. वायपर बघितले." त्यांनी मागच्या दाराकडे बघून घेतलं. "हॉर्न राहिलाय."

"वाजत नाही का?"

"माहीत नाही. कधी दाबला नाही."

"कधीच?"

त्यांनी श्वास आत घेतला. "गॅरेजमधला जुना माणूस नुसतं विचारायचा, वाजतो ना, आणि मी हो म्हणायचो. आता नवीन आलाय. तो ऐकल्याशिवाय सही करत नाही. आदल्या दिवशी कळलेलं बरं." त्यांनी टोपी गुडघ्यावर एकदा गोल फिरवली. "सकाळपासून दोनदा गाडीत जाऊन बसलो. माझ्या हातून होत नाही, टेंबे. तुम्हाला सवय आहे. एकदा येऊन दाबून द्याल का?"

मी कोट घ्यायला उठलो.

"जरा हळू दाबा," मर्डॉक म्हणाले. "डोरीन टीव्ही बघतेय."